लातूरच्या मांजरेत कधीकाळी पाणघोडे होते, मग ग्लोबल वॉर्मिंगचा एवढा बाऊ कशाला?

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली एक रेल्वे पहाटे लातूरला पोहोचली. दहा वॅगन आणि त्यात पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनची गाडी येऊ लागली, तिला 'जलदूत' म्हटलं गेलं आणि लातूर देशभरातल्या बातम्यांमध्ये झळकलं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती.

आता याच लातूर जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. मांजरा नदीच्या काठच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. होय, पाणघोडे. ज्या प्राण्याला बारमाही पाणी लागतं, तो प्राणी हजारो वर्षांपूर्वी मांजरेत डुंबत होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फॅमिली ग्रुपवरचा एक ठरलेला मेसेज आठवतो. "हवामान तर पूर्वीपासून बदलत आलंय. तेव्हा कुठं गाड्या होत्या, कुठं कारखाने होते? मग आताच ग्लोबल वॉर्मिंगचं खूळ कुठून आलं?"

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. हवामान पूर्वीपासून बदलत आलंय, हे शंभर टक्के खरं आहे. गंमत म्हणजे हे आपल्याला ज्यांनी शोधून सांगितलं, तेच शास्त्रज्ञ आजच्या तापमानवाढीबद्दल ओरडून सांगतायत. मग त्यांचं नेमकं म्हणणं काय आहे? जुन्या हवामानाची नोंद कुठं सापडते, मराठवाड्याबद्दल ती काय सांगते आणि तिच्यावरून आजच्या वादाचा निकाल कसा लागतो, तेच जरा नीट बघूया.

थर्मामीटर नव्हता, मग जुनं हवामान कळतं कसं?

आपल्याकडे पावसाची पद्धतशीर मोजणी साधारण दीडशे वर्षांची आहे. घरातल्या मोठ्या माणसांची आठवण तर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत जाते. सुकडी, खडी फोडायची कामं, गाव सोडून गेलेली माणसं. त्याच्या मागचं कुणी पाहिलेलं नाही.

पण निसर्गानं त्याच्या पद्धतीनं हिशेबाच्या वह्या ठेवल्या आहेत. त्यातल्या चार आपल्या कामाच्या आहेत.

पहिली वही म्हणजे तलावाचा गाळ. दर वर्षी तळाशी गाळ बसत जातो, जुना खाली आणि नवा वर. त्यात परागकण असतात, क्षार असतात, मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष असतात. तळात लांब पाइप घालून गाळाचा उभा नमुना काढला की हजारो वर्षं क्रमानं वाचता येतात.

दुसरी वही गुहांमध्ये असते. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साठून जमिनीवरून वर वाढणारे खांब तयार होतात. शाळेत भूगोलात त्यांना आपण लवणस्तंभ म्हणायचो. या चुन्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन प्रकारचे अणू अडकलेले असतात. मान्सून जोरात असला की हलक्यांचं प्रमाण वाढतं, मान्सून मंदावला की जड वाढतात. थराचं वय काढायला युरेनियम आणि थोरियमचं प्रमाण मोजतात.

तिसरी वही झाडाच्या खोडात असते. सागवानाला दर वर्षी एक कडी येते. पाऊस चांगला झाला तर कडी रुंद, कोरडं वर्ष असेल तर अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या, शास्त्रज्ञांनी केरळमधल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद तयार केली आहे. त्यात एल निनोच्या आणि दुष्काळाच्या वर्षांच्या खुणा दिसतात.

आणि चौथी वही आहे अंटार्क्टिकाचा बर्फ. तिच्याकडे थोड्या वेळानं येऊ, कारण खरा वाद तिथंच मिटतो.

या वह्या म्हणजे काही रोजची पर्जन्यमापकाची नोंद नव्हे. गाळावरून किंवा चुन्यावरून "अमुक तारखेला अमुक मिलीमीटर पाऊस" असं सांगता येत नाही. वय काढण्यात थोडं मागंपुढं होतं. म्हणून एका नोंदीवर कुणी निकाल देत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या वह्या ताडून बघितल्या जातात.

लोणारच्या तळाशी काय लिहिलंय?

मराठवाड्याला सगळ्यात जवळची मोठी वही म्हणजे लोणार. बुलढाणा जिल्हा, म्हणजे तसा विदर्भ, पण जालना आणि हिंगोली लागूनच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं म्हणून ज्या सरोवराचे फोटो सगळ्यांनी स्टेटसला ठेवले होते, तेच हे. उल्का आदळून बसाल्टच्या खडकात पडलेला हा खड्डा. त्यातून पाणी बाहेर वाहून जायला वाटच नाही. त्यामुळे पाऊस चांगला झाला की सरोवर भरतं, पाऊस हटला की आटतं आणि पाणी खारट होत जातं. पावसाचा हिशेब ठेवायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी इथं तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात जवळपास ११ हजार वर्षांची नोंद होती. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

या गाळात काही थरांमध्ये गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले. सरोवर खूप आटून पाणी अतिखारट झालं की हे स्फटिक तयार होतात. म्हणजे स्फटिक दिसले की समजायचं, तो काळ कोरडा होता. असे दोन मोठे कोरडे कालखंड समोर आले. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

याचा अर्थ शेकडो वर्षं थेंबभर पाऊस पडला नाही असा नाही. पण पाऊसमान एकूण कमी राहिलं आणि दीर्घ दुष्काळ पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याचा संबंध शास्त्रज्ञांनी हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी जोडला. आजही एल निनो आला की आपला जीव टांगणीला लागतो. गोष्ट त्याच घराण्यातली आहे.

दुसऱ्या कालखंडात आपल्या भागात काय चाललं होतं, ते आठवा. पैठणचे सातवाहन, अजिंठा, वेरूळ, राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव, सगळे याच काळातले. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला राष्ट्रकूट काळातला 'जगत्तुंग समुद्र' तलाव आहे. तलावाला 'समुद्र' म्हणणाऱ्या माणसांना साठवलेल्या पाण्याची किंमत नक्की माहीत असणार. गावोगावच्या बारवा बघितल्या तरी तेच लक्षात येतं. पावसाचा भरवसा नाही, हे धरूनच इथं जगणं उभं राहिलं होतं.

दुर्गादेवीचा दुष्काळ आणि बस्तरमधली गुहा

मराठी मुलखाच्या आठवणीतला सगळ्यात भयंकर दुष्काळ म्हणजे दुर्गादेवीचा. बहमनी काळातला. १३९६ च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षं चालला, असं परंपरा सांगते. त्यानंतर पंधराव्या शतकातलीच मानली जाणारी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्टही आपण ऐकलेली असते. लोक उपाशी मरताना बघून त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली.

आता बारा वर्षांचा दुष्काळ ही लोकांनी वाढवून सांगितलेली गोष्ट असू शकते, असं कुणालाही वाटेल. पण छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या लवणस्तंभाचा अभ्यास आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांची नोंद त्यात मिळाली. चौदाव्या आणि पंधराव्या शतकात मान्सून वर्षानुवर्षं, दशकानुदशकं कमजोर राहिला होता, असं त्यातून दिसलं. दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका याच काळात पडतो.

बस्तर लातूरपासून लांब आहे, हे मान्य. पण मध्य भारताच्या ज्या मोठ्या पट्ट्यात मान्सून एकत्र चढतो-उतरतो, त्या पट्ट्याचा हा अंदाज आहे. आणि त्याचं सार अंगावर काटा आणणारं आहे. गेल्या दीडशे वर्षांत आपण मोजलेले दुष्काळ एक, दोन, फार तर तीन वर्षांचे होते. निसर्गाकडे याहून कितीतरी लांब दुष्काळ होते आणि तेही कुणी कोळसा जाळायच्या आधी.

म्हणजे मेसेज फॉरवर्ड करणारे काका बरोबर होते?

अर्धे बरोबर होते. हवामान आपोआपही बदलतं, हा अर्धा भाग खरा. पण "म्हणून आजचा बदलही आपोआपच होतोय" हा दुसरा अर्धा भाग त्यातून निघत नाही.

माणसं पूर्वीपासून म्हातारपणानं आणि आजारानं मरत आलीत. म्हणून एखादा मृतदेह सापडल्यावर पोलिस "नैसर्गिकच असेल" म्हणून फाइल बंद करत नाहीत. ते पुरावा बघतात. इथंही तेच करायचं आहे. पूर्वीच्या बदलांमागं जी कारणं होती, ती आज हजर आहेत का, ते तपासायचं.

आता ती चौथी वही उघडूया.

अंटार्क्टिकात बर्फाचे थर साठताना त्यात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणजे प्रत्यक्ष जुनी हवाच डबाबंद मिळते. तिथं तीन किलोमीटरहून खोल खणून आठ लाख वर्षांची हवा तपासली गेली आहे. या सगळ्या काळात हवेतल्या दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे रेणू साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान राहिले. हिमयुगात १८० च्या आसपास, उबदार काळात २८० च्या आसपास. कारखानदारी सुरू व्हायच्या आधीही आकडा २८० च होता.

आज तो ४२० च्या वर गेला आहे.

आणि वेग बघा. शेवटचं हिमयुग संपताना हा आकडा ८० नं वाढायला काही हजार वर्षं लागली. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ इथं रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. म्हणजे शंभराहून जास्त वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली.

"पण तापमान आधी वाढतं आणि कार्बन नंतर, असं बर्फच सांगतो ना?"

वादातला हा सगळ्यात हुशार मुद्दा आहे. आणि तो हवेतून आलेला नाही. अंटार्क्टिकाच्या जुन्या नोंदींमध्ये काही वेळा तापमान आधी वाढायला लागलं आणि कार्बन डायऑक्साइड काही शे वर्षांनी, असं खरंच दिसतं.

कारण असं की हिमयुग संपायची सुरुवात कार्बननं होत नव्हती. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलण्यात हजारो वर्षांच्या चक्रानं थोडा थोडा फरक पडतो. त्यानं सूर्याची उष्णता किंचित वेगळी वाटली जाते. समुद्र थोडे तापतात. तापलेला समुद्र त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. तो उष्णता अडवतो, मग समुद्र आणखी तापतो. सावकाराच्या कर्जासारखं आहे हे. सुरुवातीची मुद्दल छोटी असते, पण व्याजावर व्याज चढत गेलं की घर बुडतं. कक्षेतला बदल ही मुद्दल होती, कार्बन डायऑक्साइड हे व्याज.

आज मात्र व्याज चढायची वाट कुणी बघत बसलेलं नाही. आपण जमिनीतून कोळसा आणि तेल काढून कार्बन थेट हवेत ओततोय. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे तर एकोणिसाव्या शतकातच प्रयोगात दिसलं होतं. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी त्याचं गणितही मांडलं होतं. तेव्हा ना ग्लोबल वॉर्मिंगच्या परिषदा होत्या, ना त्यावरचं राजकारण.

हा कार्बन आपलाच कशावरून?

यालाही ठसा आहे. जिवंत झाडा-प्राण्यांमध्ये कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून राहिल्यानं त्यांच्यातला तो पूर्ण संपलेला असतो. इंधन जाळून हवेत असा जुना कार्बन मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जातं. मोजमापात नेमकं तेच दिसतं.

मग सूर्याचं काय? सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खाली अडकून राहतेय, याची ही खूण. शिवाय १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, तिच्यात अशी वाढ नाही.

आणखी एक मुद्दा नेहमी येतो. मध्ययुगातही जग उबदार होतं, असं म्हणतात. काही प्रदेश होते, हे खरं. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाडांच्या कड्या, बर्फ, गाळ, प्रवाळ अशा जगभरच्या शेकडो नोंदी एकत्र केल्या गेल्या. तेव्हा दिसलं, की ते उबदार आणि थंड काळ वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या शतकांत आले होते. गेल्या दोन हजार वर्षांतला सगळ्यात उबदार काळ मात्र पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागात एकाच वेळी आला. तो होता विसाव्या शतकात.

मग लातूरचा २०१६ चा दुष्काळ ग्लोबल वॉर्मिंगमुळे आला का?

इथं दुसऱ्या बाजूनंही घाई करायला नको. २०१६ च्या टंचाईचं खापर एकट्या कार्बनवर फोडता येणार नाही. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे हुकले. २०१५ मध्ये मोठा एल निनो होता. त्यात मराठवाडा पर्जन्यछायेला लागून, मांजरा धरण कोरडं आणि कमी पावसाच्या मुलखात उसाचे फड. दुष्काळ निसर्गाचा होता, टंचाई बरीचशी आपली होती.

मग तापमानवाढ कुठं येते? केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. आकडा किरकोळ वाटतो. पण हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाऊस नसेल तेव्हा ती जमिनीतला आणि धरणातला ओलावा जास्त ओढते आणि पडते तेव्हा एकदम ओतते.

मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीनं वाढल्या, असं आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात रात्रीत गावांमध्ये पाणी शिरलं, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. एखाद्या घटनेवर "हीच ती तापमानवाढ" असा शिक्का मारायला वेगळा अभ्यास लागतो. पण रेल्वेनं पाणी आणण्यापासून लष्कराच्या बचावकार्यापर्यंतचा प्रवास मराठवाड्यानं दहा वर्षांच्या आत पाहिलाय, एवढं मात्र खरं.

तर मुद्दा काय?

पुढच्या वेळी तो मेसेज आला तर काकांशी भांडू नका. त्यांना एवढंच सांगा.

- हवामान पूर्वीही बदलत होतं, बरोबर. लोणार आणि दंडक त्याचेच साक्षीदार आहेत.
- पूर्वी बदलाची कारणं वेगळी होती. आज ती कारणं तापमान वाढवत नाहीत, आपण जाळलेला कार्बन वाढवतोय. त्याचा ठसा हवेत सापडलाय.
- आठ लाख वर्षांत हवेत एवढा कार्बन डायऑक्साइड कधीच नव्हता आणि वाढीचा वेग तर कुठल्याही नोंदीत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी दोन्ही बाजूंच्या भांडणात राहून जाते. "पूर्वीही दुष्काळ होते" हे वाक्य आपण दिलासा म्हणून वाचतो. लोणारचा गाळ वाचला तर ते वाक्य धमकीसारखं वाटायला हवं. दुर्गादेवीच्या काळासारखा दहा-बारा वर्षांचा कोरडा काळ निसर्ग स्वतःहून आणू शकतो. तसा काळ उद्या आला, तर तो आधीच तापलेल्या हवेत येईल, कित्येक पटींनी जास्त लोकसंख्येवर येईल आणि हजार-हजार फूट खोल गेलेल्या बोअरवेलांवर येईल.

२०१६ मध्ये लातूरला दोन पावसाळे हुकल्यावर रेल्वे मागवावी लागली होती. मिरजेत पाणी होतं, म्हणून ती आली. सलग दहा पावसाळे हुकले, तर गाडी कुठून भरायची, याचं उत्तर आपण अजून शोधलेलं नाही.